तुकडेबंदी उठलेली नाही, आणि गुंठेवारी म्हणजे एनए (बिनशेती) नव्हे

गेले काही महिने एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात तो असा: "तुकडेबंदी कायदा रद्द झाला. आता एक गुंठाही बिनधास्त घ्या, स्वतंत्र सातबारा निघतो. गुंठेवारीचे प्लॉट एनएच धरतात. हिस्सा नंबर पडला की लेआउटची गरज नाही. रजिस्ट्री झाली, सातबाऱ्यावर नाव लागलं, की प्लॉट तुमचा."

मी तालुक्याच्या गावी दस्त लिहितो. हाच मेसेज मोबाइलवर पुढे करून "मग आता लिहायला काय हरकत आहे?" असं विचारणारी माणसं आठवड्याला दोन-तीन तरी येतात. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. पण प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक कण आहे, म्हणून लोकांना ते पटतं आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

पहिलं, "रद्द झाला". तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा आहे आणि तो आजही लागू आहे. त्यात ‘तुकडा’ म्हणजे जमिनीचा कोणताही बारका भाग नव्हे. त्या भागासाठी ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा जे कमी, तो तुकडा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं अकोला आणि रायगड सोडून उरलेल्या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात हे क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे केलं. म्हणजे शेतजमिनीतले दोन गुंठे कालही तुकडा होते, आजही आहेत. आधीपासूनच तुकडा असलेली जमीन लगतच्या खातेदाराला विकता येते. नवा तुकडा पाडून विकता येत नाही.

मग २०२५ मध्ये झालं काय? जुलैत विधानसभेत घोषणा झाली आणि नोव्हेंबरमध्ये अध्यादेश निघाला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात तुकडेबंदी मोडून जे व्यवहार झाले, ते शुल्क न घेता नियमित करायची सोय त्यात आहे. हे शुल्क आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के होतं, पुढे ५ टक्क्यांवर आलं, आता तेही गेलं. ज्यांनी वीस-वीस वर्षं शहराच्या कडेला घर बांधून राहूनही सातबारा पाहिला नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण ती मुख्यतः नागरी भागापुरती आणि आराखड्यात बिगरशेती वापर दाखवलेल्या क्षेत्रापुरती आहे. शिवाय ती झालेल्या व्यवहारांसाठी आहे. हिरव्या झोनमधल्या, म्हणजे आराखड्यात शेतीसाठी दाखवलेल्या गटात उद्या होणाऱ्या खरेदीशी तिचा संबंध नाही.

दुसरं, "गुंठेवारी म्हणजे एनएच". सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण ‘गुंठेवारी’ हा शब्द जाहिरातीत एखाद्या मंजुरीसारखा वापरतात. "गुंठेवारी मंजूर प्लॉट" असे फलक मी स्वतः पाहिलेत. २००१ चा गुंठेवारी कायदा उघडून बघा. खासगी जमिनीचे विनापरवानगी पाडलेले भूखंड आणि त्यांवरची बांधकामं, यालाच तो ‘गुंठेवारी विकास’ म्हणतो. मंजूर झालं ते गुंठेवारी नसतं, आणि गुंठेवारी असेल तर ते मुळात नामंजूर असतं. त्या कायद्यानं असे भूखंड प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवून घ्यायची रक्कम) आणि विकास शुल्क घेऊन नियमित करायची वाट दिली. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांना, नंतर २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या. नियमित झालेला भूखंड बिनशेती मानला जातो, मेसेजमधला खऱ्याचा कण तो एवढाच. २०२३ मध्ये चुना मारून आखलेल्या प्लॉटला त्याचा काडीचा उपयोग नाही. विकणारा ‘गुंठेवारी’ म्हणाला, की नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात मागा, त्यावरचा प्लॉट नंबर आणि तारीख वाचा.

आणि एनए तरी काय? बिनशेती म्हणजे जमिनीचा वापर बदलला. जमीन विभागली गेली, असा त्याचा अर्थ नाही. विभागणीचा कागद वेगळा, तो म्हणजे मंजूर रेखांकन, ज्याला आपण लेआउट म्हणतो. त्यातही आधी तात्पुरतं रेखांकन मिळतं, मग रस्ते आणि खुली जागा प्रत्यक्ष आखून, मोजणी होऊन अंतिम. मुंबई आणि इतर काही क्षेत्रं सोडून राज्यभर लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ‘तात्पुरतं’ हा शब्द कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो आणि दलाल नेमकं तेच पान भराभर उलटतो. ‘यलो झोन’ हाही एनए नव्हे, आराखड्यातला तो रहिवास विभागाचा रंग आहे.

तिसरं, हिस्सा नंबर. याला फार शब्द नकोत. पोटहिस्सा ही महसुलाची नोंद आहे: एका सर्व्हे नंबरची किंवा गटाची वाटणी झाली, हिस्से दाखवणारा फाळणी नकाशा झाला, आकारफोड होऊन आकारणी (शेतसारा) हिस्स्यांत वाटली गेली. भावाभावांची शेती वेगळी होते ती अशी. तिथे रस्ता नाही, गटार नाही, खुली जागा नाही. लेआउटनंतर कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा मोजणी खात्याचा कागद) होऊन प्लॉटवार सातबारे निघतात, ती प्रक्रियाच निराळी.

चौथं, "रजिस्ट्री झाली, नाव लागलं". मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तुकड्यांच्या दस्तांची नोंदणी अडवणारं २०२१ चं परिपत्रक रद्द केलं, हे खरं. पण दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी तो तपासून देत नाही. सातबाऱ्यावरची नोंदही महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरायची असते.

एक जोडपं माझ्याकडे खरेदीखत घेऊन आलं होतं. तो एमआयडीसीत शिफ्टला, ती घरी शिवणकाम करणारी. दस्त दुसरीकडे लिहिलेला. सोबत रंगीत नकाशा: प्लॉट नंबर १४, पूर्वेस नऊ मीटर रस्ता. मी दस्त वाचला. त्यात प्लॉट नंबर कुठेच नव्हता. लिहिलं होतं, "एकूण क्षेत्रापैकी अविभक्त ०.०२.०२ हे.आर." दोन गुंठे म्हणजे २०२ चौरस मीटर, आकडा बरोबर होता. चतुःसीमा मात्र अख्ख्या गटाच्या होत्या. सातबारा सामाईक, वर अकरा नावं, यांचं बारावं. ‘अविभक्त’ या शब्दावर मी बोट ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, हा शब्द आम्हाला कुणी वाचूनच दाखवला नाही."

अविभक्त म्हणजे हिस्सा आहे, पण जागा ठरलेली नाही. सहहिस्सेदारांपैकी एकानं तो नऊ मीटरचा ‘रस्ता’ तारेचं कुंपण घालून बंद केला, आणि यांना हरकत कशाच्या आधारे घ्यायची हेच कळेना, कारण कागदावर तिथे रस्ता नव्हताच. मोजणीचा अर्ज केला तर पोटहिस्साच नाही, यांचं म्हणून वेगळं मोजायचं काय? राहिला मार्ग महसूल संहितेच्या कलम ८५ च्या वाटपाचा. त्यात सगळे सहहिस्सेदार आले, आणि ते कलम सुरूच होतं तुकडेबंदी कायद्याच्या अधीन राहून. गट हिरव्या झोनमध्ये, जिरायत. दोन गुंठ्यांचं वाटप करायला गेलं की तो तुकडा होतो, आणि तुकडा पाडणारं वाटप करता येत नाही.