घरटी चार रोपं

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर झाला. त्या दिवशी ओढणाऱ्यांना काय वाटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्या डोक्यात मात्र त्या कायद्यातलं एकच कलम जाऊन बसलं : घरी चार झाडं लावायला परवानगी. चिलीम मी आयुष्यात फक्त गावाबाहेरच्या मठात पाहिलेली, तीही ओझरती, कारण आईने दंडाला धरून पुढे ओढलेलं असायचं. पण सरकार एखाद्या गोष्टीला ‘चारपर्यंत चालेल’ म्हणालं, की आमच्यासारख्या मध्यमवर्गीयाला चारही पदरात पडेपर्यंत चैन पडत नाही. आमचे बाबा अनुदानाचे बाराच्या बारा सिलिंडर उचलायचे. घरात नऊ पुरत होते.

या कलमात एक मेख आहे. परवानगी घरटी आहे, माणशी नाही. रेशनकार्डावर चुलत आजीचं नाव राहू देऊन साखर वाढवून घेण्याची आपली परंपरा इथे चालत नाही. घरात दोघं राहोत की अकरा, झाडं चारच. आम्ही राहतो त्या ऑन्टारिओ प्रांताच्या शेजारी, क्विबेकमध्ये, तर तेवढीही नाहीत. तिथल्या बंदीवर २०२३ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानेच शिक्का मारला. ही बातमी वाचून मला अगदी आतून बरं वाटलं. दुसऱ्याला मिळत नाही म्हटल्यावर आपल्या चारांची किंमत वाढते.

सध्या एप्रिल चालू आहे. मिसिसागातल्या आमच्या परसात कुंपणाच्या सावलीला अजून काळपट बर्फ पडून आहे आणि मी यंदाच्या हंगामाचा एक्सेल तक्ता उघडून बसलोय. बायको येता-जाता स्क्रीनकडे बघते.

“दुकानात मिळतं ना रे आता?”

मिळतं. आमच्या शहराने आधी दुकानांना नकार दिला होता. २०२३ साली मन बदललं आणि मग केस कापायच्या दुकानांइतकी गांजाची दुकानं झाली. त्याआधी निदान ‘गावात मिळत नाही म्हणून घरी लावतो’ असं म्हणता यायचं. आता तो आधारही गेला. आता उरली आहे ती निव्वळ जिद्द. आमच्या घराण्यात वाळव्याचा ऊस, तासगावची द्राक्षं झाली, आणि इंग्रजीत ज्याला नुसतं ‘तण’ (वीड) म्हणतात, ते त्या घराण्यातल्या मुलाला पिकवता येऊ नये?

येत नाही. मागचे हंगाम आठवून सांगतो.

बिया सरकारी ऑनलाइन दुकानातून टपालाने आल्या. पाकिटात मोजून चार, पन्नासेक डॉलरला. रुपयांत गुणाकार करायची सवय इतकी वर्षं झाली तरी सुटत नाही, त्यामुळे एकेक बी साडेसातशे रुपयांची पडली हे मला पाकीट फोडायच्या आतच कळलं. मोड यायला त्या ओल्या कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवल्या. पलीकडेच मटकी होती. मटकीला मोड आले, बियांनाही आले, आणि एवढंच त्या सालचं यश. मे महिन्याच्या सुरुवातीला आठवडाभर असं ऊन पडलं, की लोक अर्ध्या चड्डीत फिरू लागले. मीही रोपं बाहेर नेली. शेजारचे पोर्तुगीज आजोबा कुंपणावरून बघत होते. त्यांनी मान हलवून बोटाने कॅलेंडरची पानं उलटल्यासारखं केलं. इथे सगळे माळी व्हिक्टोरिया डेपर्यंत थांबतात, म्हणजे २५ मेच्या आधीच्या सोमवारपर्यंत. राणीचा वाढदिवस हे इथलं मृग नक्षत्र आहे. मला वाटलं, आजोबांना माझी रोपं आवडली. त्या रात्री दंव पडलं, आणि सकाळी कुंडीत उकडलेल्या मेथीची चार देठं उभी होती.

पुढच्या वेळी राणीला मान देऊन रोपं लावली. मग खारी आल्या. नवी, भुसभुशीत माती दिसली की इथल्या खारींना तिथे शेंगदाणा पुरायची ऊर्मी येते, आणि आधी जे काही तिथे असेल ते उपटून बाजूला ठेवतात. अगदी व्यवस्थित, मुळांसकट, कुंडीच्या काठावर. इथली खार करडी किंवा काळीकुळकुळीत असते. पाठीवर रामाच्या बोटांचे पट्टे नाहीत, आणि का नाहीत ते मला त्या उन्हाळ्यात समजलं. तिखटाने खार पळते असं वाचून मी सांगलीहून आलेला कांदा-लसूण मसाला कुंड्यांभोवती शिंपडला. खारी दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, मसाला वाहून गेला आणि परसभर मिसळीच्या गाडीचा वास सुटला. बायको मसाल्याच्या रिकाम्या बरणीकडे बघून जे बोलली ते इथे लिहीत नाही. तो मसाला तिच्या आईने कुटून पाठवला होता.

त्याच्या पुढे एका सहकाऱ्याने आपल्याकडची जास्तीची रोपं दिली. वाढली भराभर, पुरुषभर उंच झाली आणि निघालीही पुरुषच. या झाडात नर आणि मादी वेगळी असतात. कामाची मादी. नराचा उपयोग एवढाच, की तो पराग उडवून आजूबाजूच्या माद्यांच्या फुलांत बियाच बिया करून ठेवतो. म्हणून इथे मुलीच होतील अशा हमीच्या बिया जास्त पैसे मोजून घेतात. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा ज्या महाराष्ट्राला १९८८ सालीच करावा लागला, तिथून आलेला मी, कुंडीजवळ भिंग घेऊन बसायचो आणि नर दिसला की घरात येऊन पडेल आवाजात सांगायचो, “मुलगा झाला.” आमच्या खानदानात मुलगा झाल्याचं सुतक प्रथमच पाळलं गेलं असेल.

मग मुलींच्या हमीच्या बिया आणल्या, तर गणपती आडवे आले. हे झाड रात्र मोजतं. जूनमध्ये आमच्याकडे दिवस जवळपास साडेपंधरा तासांचा असतो. तोवर ते नुसतं वाढतं. ऑगस्टमध्ये रात्री लांबू लागल्या की त्याला फुलं धरायची बुद्धी होते. नेमक्या त्याच सुमारास बाप्पा आले आणि मी मागच्या डेकवर दिव्यांच्या माळा सोडल्या. रात्रभर लखलखाट. झाडांची समजूत झाली, की उन्हाळा परत आलाय. अनंत चतुर्दशीनंतरही ती पानंच काढत बसली. विसर्जन झालं, थंडी पडली, फुलं काही धरेनात. विघ्नहर्त्याने आपलं काम चोख केलं म्हणायचं, फक्त विघ्न कोणतं याबद्दल त्याचं आणि माझं एकमत नव्हतं.

गेल्या साली मात्र सगळं जुळून आलं, आणि आईही आली.

आई मूळची तासगावची, द्राक्षवाल्यांच्या घरातली. सुपर व्हिसावर, म्हणजे इथे स्थायिक मुलांच्या आईवडिलांना मिळतो त्या लांब मुदतीच्या व्हिसावर येऊन जेट लॅग उतरायच्या आत ती परसात गेली, तुळशीला पाणी घातलं, आणि तांब्यात उरलेलं ओळीने बाकीच्या कुंड्यांना. मग आत येऊन म्हणाली, “अंबाडी झकास आलीय की रे! इथं मिळते?”

मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर आईला दोष देता येत नाही. अंबाडीचं पान आणि हे पान शेजारी ठेवलं तर भल्याभल्यांची गफलत होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अंबाडीला हिबिस्कस कॅनाबिनस हे नाव (कॅनाबिस म्हणजे गांजा) उगाच दिलेलं नाही. मला वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर ओट्यावर तांदळाच्या कण्या भिजलेल्या, लसूण सोललेला, आणि रोळीत माझ्या पोरींची निम्मी पानं धुऊन निथळत ठेवलेली. आईच्या तोंडात एक पान होतं. ती ते विचारपूर्वक चघळत होती.

“ही अंबाडी आंबट कशी नाही रे?”

कच्च्या पानाने कुणाला काही होत नाही हे मला माहीत होतं. तेलाच्या फोडणीत शिजल्यावर काय होतं याची परीक्षा आईवर बघण्याची माझी तयारी नव्हती. मी रोळी उचलली आणि बोलून टाकलं. घरात शांतता. मी भूकंपाची वाट बघत होतो. आईने पान थुंकलं, चूळ भरली आणि म्हणाली, “मग शेंडा का नाही मारलास? नुसतं उंच गेलंय. शेंडा मारला असतास तर चार फांद्या फुटल्या असत्या.”

तेवढ्यावर मिटलं असतं, पण बायकोने आईचा तुळशीपाशी हात जोडलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. पहाटे साडेतीनला फोन वाजला. तासगावात तेव्हा दुपारचा एक वाजलेला, आणि आमचे निवृत्त फौजदार मामा जेवून उठून चष्मा लावून बसलेले.

“भाचेबुवा, ताईच्या मागं काय आहे ते?”

“अंबाडी, मामा.”

“तीस वर्षं उसात शिरून मी ही अंबाडी उपटलीय.”

इथे कायद्याने चालतं हे मामांना पटवायला मला उजाडलं. त्यांचं एकच पालुपद : “चार? परवाना कुठाय? शिक्का कुठाय?” शिक्का नसलेली परवानगी मामांच्या अनुभवात बसत नव्हती. मग तेच रंगात आले आणि त्यांनी मला १९८५चा अमली पदार्थांचा कायदा ऐकवला. आपल्याकडे गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग निराळी. पण झाड लावणं गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे पानं खुडून चघळणारी त्यांची ताई निर्दोष आणि लावणारा भाचा आत. हे सांगताना मामांच्या आवाजात मला थोडं समाधान ऐकू आलं. मग त्यांनी त्या सोलापूरकडच्या शेतकऱ्याची गोष्ट काढली, ज्याने २०२१ साली कोणत्याच मालाला भाव मिळत नाही म्हणून गांजा लावायची परवानगी थेट कलेक्टरकडे मागितली होती. “त्याला नाही मिळाली,” मामा म्हणाले, “आणि तुला न मागता मिळाली तर तुला पिकवता येईना.”

यावर बोलायला जागा नव्हती. निम्मी पानं गेलेली झाडं तरीही फुलली. ऑगस्टमध्ये पानांवर पांढरी पूड दिसली तेव्हा आईने लांबूनच सांगितलं, “भुरी आलीय.” आयुष्यभर द्राक्षाच्या बागेत भुरी आणि डावणीशी भांडलेल्या बाईला ओळखायला क्षण लागला नाही. पोर्तुगीज आजोबाही त्यांच्या मांडवावरच्या द्राक्षवेलींमुळे भुरीचे जाणकार. ते आणि आई कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून, एकाही भाषेचा आधार न घेता, माझी झाडं दाखवत तासभर हळहळले. (पोर्तुगिजांना हा विषय नवा नाही. गार्सिया द ओर्ता नावाच्या त्यांच्या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात भांगेवर सविस्तर लिहिलं आहे. आजोबांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी मला टोमॅटो दिले.)

सप्टेंबरात वास सुटला. गल्लीतल्या लोकांना स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचा संशय आला, आईला घुशीचा. मी संध्याकाळी उदबत्त्या लावू लागलो, तर समोरच्या बाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मग पावसाची झड लागली. वरून टपोरी दिसणारी फुलं हातात घेऊन उकलली, तर आत करडी बुरशी आणि तपकिरी भुसा. वाचलं ते वाळवून जॅमच्या बाटलीत भरलं. तळ झाकला. माती, कुंड्या, खत, बिया आणि मसाल्याची बरणी धरून मी हिशोब केला तेव्हा ग्रॅमचा भाव दुकानातल्यापेक्षा पाचपट निघाला. शेती परवडत नाही असं गावाकडचे आमचे आजोबा का म्हणायचे, त्याचा आकड्यांत पुरावा माझ्या एक्सेलमध्ये आहे. ती बाटली अजून फडताळात, सुंठीच्या मागे आहे. उघडायचा धीर होत नाही. एवढ्या महाग वस्तूचा धूर कोण करणार?

तर यंदाची योजना. मी ठरवलं होतं, की दिवस-रात्र न मोजता आपल्या वयाप्रमाणे फुलणाऱ्या जातीच्या बिया घ्यायच्या, म्हणजे गणपतीचं भय नाही आणि शरदाचा पाऊस यायच्या आत पीक घरात. कुंड्यांवर जाळी, खारींसाठी. हे सगळं तक्त्यात रंग भरून आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती मेमध्ये परत येते आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकेक खोडायला सुरुवात केली. कुंड्या भिंतीपासून लांब, वारा खेळला पाहिजे. भुरी यायच्या आधीच आंबट ताक पाण्यात घालून फवारायचं, आल्यावर नव्हे. पाणी बुडाशी, पानांवर नाही. शेंडा ती स्वतः येऊन मारणार.

“आई, या जातीचा शेंडा मारत नाहीत. तिला परत फुटायला वेळच नसतो.”

“मग असली जात घेतलीसच कशाला?”

जात बदलली. डेकवर यंदा माळा नाहीत, घरात समई लावायची असं ठरलं. तक्ता आता आईच्या नावाने जतन केला आहे. तिची एकच अट आहे : तिला एक कुंडी अंबाडीसाठी हवी. गेल्या साली भिजवलेल्या कण्यांची खंत तिच्या मनातून गेलेली नाही. इथल्या देशी वाणसामानाच्या दुकानात मला बी मिळालंही.

आता अडचण एवढीच, की परसात एकसारख्या पानांच्या पाच कुंड्या असतील आणि कायदा चारांचा आहे. कुणी मोजायला आलं तर पाचवी अंबाडी आहे हे कसं सिद्ध करायचं, असं मी मामांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. तीस वर्षांच्या नोकरीत असा पेच आला नसावा.

“पंचनामा करायला लाव,” शेवटी म्हणाले. “दोन पंच बोलवायचे, आणि प्रत्येकी एकेक पान चावायला द्यायचं.”