काचेच्या टाकीतली दुबार पेरणी

मृगाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ओसरीत माशांची टाकी आली. अडीच फूट लांब, तळाला वाळू, कोपऱ्यात फिल्टर, वर लाइट. मासे सोडून सगळं होतं.

"मासे कुठी हायेत?" शेजारच्या तात्यांनी विचारलं.

"आनाचे हायेत तात्या. आधी पानी तयार करून राह्यलो."

तात्यांनी टाकीकडं पाह्यलं, मग माझ्याकडं. "मंग विहिरीत काय कच्चं पानी हाय?"

आता तात्यांना काय सांगावं! मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि नव्या टाकीत त्याच अमोनियानं मरतो. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानानं गरीब. ही मंडळी फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, पण वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर त्यांना उपाशी ठेवता येत नाही. मासे नाहीत, म्हणून अमोनियाची सोय आपणच करायची.

शुद्ध अमोनिया तालुक्याला मिळेना. दुसरा मार्ग म्हणजे पाण्यात झिंगा सडवायचा. माय माळकरी. बाजाराच्या दिवशी मी चार झिंगे कापडाच्या पुरचुंडीत बांधून, चोरट्यासारखे टाकीत सोडले. तिसऱ्या दिवशी वासानंच चुगली केली.

"खाले नाही, पाहाले मासे आनतो म्हने! अन् हे काय सडवून राह्यला?"

वाचवलं बाबांनी. बाबा दोन मिनिटं ऐकत राह्यले अन् म्हणाले, "म्हंजे शेनखत कुजवनंच झालं ना. युरिया टाकला का वावरात हेच होते. ताजं शेन टाकलं त पीक जयते." आयुष्यभर कपाशी पिकवलेल्या माणसाला जे दोन मिनिटांत कळलं, ते समजून घ्यायला मला मोबाइलवर दोन रात्री लागल्या होत्या.

मग आमची दोघांची एकच दिनचर्या झाली. सकाळी उठून बाबा आभाळाकडं पाहायचे, मी टाकीचं पाणी तपासायच्या परीक्षानळीकडं. त्यांना काळं हवं होतं, मला जांभळं. जांभळा रंग म्हणजे नायट्राइट, म्हणजे पहिले जिवाणू कामाला लागले.

फिल्टर बंद पडला की जिवाणू प्राणवायूवाचून गुदमरतात, आणि आमच्याकडं लाइन दिवसातून किती वेळा जाईल ते लाइनमनलाही ठाऊक नसतं. इन्व्हर्टर मी टाकीला जोडला. "दिसत नाही त्याईले हवा, अन् म्या उकाड्यात!" या मायच्या वाक्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

२७व्या दिवशी नळी पहिल्यांदा जांभळी झाली. मी खुशीत बाबांना दाखवायला वावरात गेलो. परत आलो तर माय अंगणात नळाखाली माझा स्पंज खसाखसा चोळत होती.

"किती मयकट झालं होतं रे! घे, कसं चकचकीत केलं!"

टाकीत मी बोअरचं पाणी भरलं होतं. नळाला मात्र पावसाळ्यामुळं त्या आठवड्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर, सढळ हातानं सोडलेलं. क्लोरीननं आधी स्पंजातली वस्तीच साफ केली असणार. मी मटकन ओट्यावर बसलो. बाबांनी खांद्यावर हात ठेवला. "दुबार पेरनी," एवढंच बोलले. त्या वर्षी आमच्या वावरात मात्र ती झाली नाही.

दुसऱ्या खेपेला झिंग्यांना बंदी. मग मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकू लागलो, तेही कुजून अमोनियाच देतं. तात्यांनी तेही पाह्यलं, आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

पोळ्याच्या तोंडावर, रोज खाद्य टाकूनही, सलग चार दिवस अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं. नायट्रेट मात्र भरपूर साचलेलं. ते कमी करायला पाणी बदलावं लागतं. मी नळी लावून अर्ध्याहून जास्त पाणी बादल्यांत काढलं, आणि बाबांनी त्या बादल्या मिरच्यांना नेऊन ओतल्या. रिकाम्या होत चाललेल्या टाकीसमोर मी उभा होतो, तेवढ्यात दारात तात्या आले. त्यांनी टोपी काढली.

"मेले ना शेवटी?"