पूमसेतली कमरेवरची मूठ

तायक्वांदोची बेल्ट टेस्ट जवळ आली की झेडपी शाळेच्या पटांगणात नाहीतर समाजमंदिराच्या ओट्यावर पोट्टे-पोट्ट्या रांगेत उभे राहून तेगुक, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, करताना दिसतात. सर आकडे म्हणतात, पोरं हात फिरवतात. बाजूला उभी असलेली एखादी माय विचारते, "सर, याच्यानं वेळेवर पोरगी वाचंल का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पूमसेत (अशा हालचालींच्या मालिकेला पूमसे म्हणतात, आठ तेगुक त्यातलेच) त्याचं उत्तर आहे, पण आपण ज्या पद्धतीने शिकवतो त्यात ते पोरांच्या हाती लागत नाही. स्पर्धेत पूमसेच्या 10 गुणांपैकी 4 अचूकतेला आणि 6 सादरीकरणाला असतात. समोरच्याची पकड सुटली की नाही, याला एकही गुण नाही. ऑलिम्पिकमध्ये 2000 च्या सिडनीपासून जी पदकं मिळतात ती फाइटची, तिथे पूमसे नाहीच. म्हणून क्लबमध्ये एक तर फाइट घेतली जाते, नाहीतर पूमसे. पूमसेतली एकेक हालचाल जोडीदारावर करून बघायचं काम तेवढं राहून जातं, आणि गावाकडच्या पोरांना खरी गरज त्याचीच आहे.

सुरुवात कमरेवरच्या मुठीपासून करू. प्रत्येक ब्लॉकला, प्रत्येक पंचला एक हात पुढे जातो आणि दुसरा झटक्याने कमरेवर येतो. का, असं विचारलं तर बहुतेक पोरं सांगतात, "पॉवरसाठी." थोडं खरं आहे, कंबर फिरायला त्याची मदत होते. पण फाइटमध्ये कोणीच हात कमरेवर ठेवत नाही, कारण तोंड उघडं पडतं. मग पूमसेत तो का ठेवायचा? माझ्या मते तो हात रिकामा नाही. त्यात समोरच्याचं मनगट, बाही किंवा कॉलर आहे आणि ती आपण आपल्याकडे ओढतो आहोत. ही एक गोष्ट पोरांच्या डोक्यात बसली की अख्खं तेगुक वेगळं दिसायला लागतं.

तेगुक इल जांग, म्हणजे पहिला तेगुक घ्या. 18 हालचाली, सगळ्यात सोपा, म्हणून पिवळा बेल्ट मिळाला की पोरं त्याला विसरतात. मला मात्र आठही तेगुकमध्ये हाच सगळ्यात कामाचा वाटतो. पहिली हालचाल डावीकडे वळून आरे माक्की, म्हणजे खालचा ब्लॉक. किक अडवायला, असं शिकवलं जातं. जोरात आलेली किक हाताच्या हाडावर घेऊन बघा, पुन्हा तसं शिकवणार नाही. त्यापेक्षा ब्लॉकच्या आधीची तयारी नीट बघा: डावी मूठ उजव्या खांद्यापाशी जाते आणि उजवा हात पुढे खाली लांब होतो. पकड सुटते ती इथेच.

समोरच्याने त्याच्या उजव्या हाताने तुमचं डावं मनगट धरलं आहे. त्याची चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, आणि अंगठ्याचं टोक बोटांना जिथे भेटतं तिथे फट. पकड कितीही घट्ट असो, ती फट राहतेच. आता मूठ वळा आणि मनगटाची अरुंद कड, म्हणजे तुमच्या अंगठ्याकडची बाजू, त्या फटीसमोर आणा. मग हात मागे ओढू नका. कोपर त्याच्या कोपराच्या दिशेने पुढे ढकला आणि मूठ उजव्या खांद्याकडे येऊ द्या. पहारीने दगड उचकटतो तसंच आहे हे: पहारीचं एक टोक खाली जातं, दुसरं वर येतं. इथे कोपर पुढे जातं आणि मनगट फटीतून बाहेर येतं. त्याच वेळी लांब केलेला उजवा हात त्याच्या मनगटावर पडतो. पुढे डावी मूठ हातोड्यासारखी त्याच्या हातावर, कोपराच्या जरा खाली उतरते आणि उजवा हात त्याचं मनगट धरून कमरेवर येतो. तो पुढे झोकांडतो. पूमसेत यानंतर एक पाऊल पुढे टाकून उजवा पंच आहे. प्रत्यक्षात पळायला वाट मोकळी असेल तर पंच सोडा आणि पळा.

चुकतं कुठे? पहिली चूक म्हणजे हात खांद्यातून मागे ओढणं. तिथे ताकदीला ताकद भिडते आणि बारावीतली पोरगी चाळीस वर्षांच्या गड्यापुढे हरणारच. दुसरी, कोपर अंगापासून दूर ठेवणं. मग तिढाच बसत नाही. तिसरी, जागेवर उभं राहणं. पूमसेत आपण वळून पाऊल टाकतो, ते अंगाचं वजन त्या कोपरामागे लागावं म्हणून. आणि पाऊल आपसोगीचं, म्हणजे आपल्याच पावलाने मोजलं तर साधारण तीन पावलांच्या लांबीचं, दोन्ही पायांवर वजन सारखं. एसटीच्या दोन सीटच्या मधात किंवा घराच्या ओसरीत यापेक्षा लांब पाय टाकायला जागाच नसते. त्याने दोन्ही हातांनी तुमचं एक मनगट धरलं असेल, तर दुसऱ्या हाताने त्याच्या हातांच्या मधून स्वतःचीच मूठ पकडा आणि कोपर पुढे ठेवून दोन्ही हातांनी खांद्याकडे उचला.

दुसरा आवडता म्हणजे तेगुक सा जांग, म्हणजे चौथा, आणि त्यातली पाचवी हालचाल, जेबीपूम. आपल्याकडचं भांडण सरळ पंचाने क्वचितच सुरू होतं. आधी आवाज वाढतो, मग धक्का, मग कॉलर, आणि मग बाजूने फिरवलेली थप्पड किंवा ठोसा. जेबीपूम या फिरवलेल्या हातासाठी उत्तम आहे. डावा उघडा हात कपाळाच्या उंचीवर, उजव्या हाताची कड मानेच्या बाजूला, आणि दोन्ही एकाच वेळी. घाबरलेला माणूस आपसूक दोन्ही हात डोक्यापाशी नेतो, म्हणून ही हालचाल भीतीतही आठवते.

करताना आत शिरायचं, मागे सरकायचं नाही. डावा हात त्याच्या मनगटावर घेतला तर त्याचा हात वाकून तुमच्या कानामागे येऊन बसतो, आणि सगळ्यात जास्त वेगही मनगटालाच असतो. तो दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या वर घ्यायचा, तिथे वेग कमी असतो. उजव्या हाताबद्दल मात्र फार जपून. मानेच्या बाजूला मेंदूकडे रक्त नेणारी नस आहे, तिथला जोराचा फटका जीवावर बेतू शकतो. म्हणून पोरांना शिकवताना कड मानेवर नको. हाताची हाडाकडची बाजू छातीच्या वर, गळपट्टीच्या हाडावर टाकून ढकलायला शिकवा, नाहीतर तळव्याचा टाचेकडचा भाग हनुवटीखाली. सरावात तर मानेला स्पर्शही नको. पुढची हालचाल फ्रंट किक आहे, पण एवढ्या जवळून पाय उचलायला जागा नसते. तिथे गुडघा चालतो, किंवा पायातल्या वहाणेच्या टोकाने नडगीवर मारलं तरी पुरतं.

याच सा जांगमध्ये पुढे लागोपाठ दोन साइड किक आहेत. त्यात उभ्या पायाची टाच फिरावी लागते. फरशीवर ती फिरते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत तळवा रुतून बसतो, अंग फिरतं पण पाय फिरत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्याच्या आतल्या दोरीवर येतो. ओल्या पटांगणावर साइड किकचा सराव बंदच ठेवा. धुऱ्यावर, पांदणीत कोणावर वेळ आली तरी साइड किक मारायचा विचार डोक्यात येऊ नये, इतकं हे पोरांना बजावून सांगा.

कॉलर धरली असेल तर तेगुक चिल जांग, म्हणजे सातवा. 25 हालचालींच्या या पूमसेच्या मध्यावर चार हालचाली सलग येतात: हेचो माक्की, म्हणजे दोन्ही हात छातीसमोरून बाहेर उघडणं, मग दोन्ही हातांनी डोकं धरून गुडघा, मग दोन्ही मुठी खालून वर, आणि शेवटी खाली फुलीचा ब्लॉक. पहिल्या दोन सोन्यासारख्या आहेत. समोरच्याने दोन्ही हातांनी कॉलर किंवा गळा धरला की आधी हनुवटी छातीला टेकवा, नाहीतर बाकी काही करायला श्वासच उरणार नाही. मग दोन्ही मुठी खालून, त्याच्या दोन हातांच्या मधून वर न्या आणि हात पिळत बाहेर उघडा. बाहेरून आत मारायला गेलात तर काही होत नाही. कोपरं फाकली की पाचरीची धार जाते. पाचर टोकाकडून शिरते, बुडाकडून नाही.

हात उघडले की त्याचं डोकं अजून दूर असतं. नुसता गुडघा उचलला तर तो हवेत जातो. एक पाऊल आत टाका, दोन्ही तळवे त्याच्या मानेच्या मागे एकावर एक ठेवा (केसांना धरू नका, घामाने हात सुटतात), कोपरं जवळ घ्या आणि डोकं खाली आणत गुडघा वर न्या. तिसरी हालचाल जमली तर करा. चौथी सोडून द्या. खाली फुली करून किक अडवताना तोंड पूर्ण उघडं पडतं, आणि मागे दुसरा माणूस असेल तर संपलंच. पूमसेत ती सुंदर दिसते, टेस्टमध्ये नीट करा, पण रस्त्यावर तिच्यावर भरवसा ठेवू नका.

ओ जांगमधलं, म्हणजे पाचव्या तेगुकमधलं, कोपर थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना लवकर येतं. यात्रेच्या, मंडईच्या गर्दीत, बाजाराच्या दिवशी भरलेल्या काळीपिवळीत मूठ मारायला अंतरच नसतं, कोपराला वीतभर जागा पुरते. ज्यांच्या मनगटात जोर नाही त्यांच्यासाठी हेच हत्यार. टोकाने मारू नका, स्वतःलाच झिणझिण्या येतात. टोकाच्या जरा पुढची सपाट जागा लागली पाहिजे.

आयटीएफ (तायक्वांदोची दुसरी एक शाखा) शिकवणाऱ्यांसाठी दो-सान. कोरियाचे स्वातंत्र्यसैनिक आणि शिक्षणाचं काम केलेले आन चांग-हो यांचं हे टोपणनाव, पॅटर्न (त्यांचा पूमसे) 24 हालचालींचा. सहाव्या हालचालीत बोटांची सरळ खुपसणी, सातवीत पकडलेलं मनगट पिळून सोडवणं आणि आठवीत गर्रकन फिरून मुठीच्या पाठीचा फटका. पिळणं उत्तम आहे. पण खुपसणी बरगडीवर केली तर बोटं तुमचीच मोडतील, आणि पकड ढिली झाल्याशिवाय फिरलात तर पाठ त्याच्या ताब्यात जाते. म्हणून क्रम पक्का करा: आधी सुटलं याची खात्री, मगच फिरणं. जोडीदाराला मुद्दाम पकड सोडू नको म्हणून सांगा. अशा वेळी पोराने फिरायचं थांबवलं, तर त्याला दो-सान कळला.

आता जे अजिबात चालत नाही ते. धुऱ्याच्या भांडणात काठी निघते, कधी कुऱ्हाड. वर हात करून काठी अडवायची असं कोणी शिकवत असेल तर ते थांबवा. काठी आडव्या हातावर आली की करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं, डॉक्टरांकडे अशा मोडण्याला वेगळं नावच आहे. ओल्गुल माक्की, म्हणजे वरचा ब्लॉक, कामाची आहे ती त्याचा काठीचा हात वर जायच्या आत, अगदी अंगाला भिडून, हाताचं हाड त्याच्या हनुवटीखाली रोवून ढकलायला. कुऱ्हाड, विळा, चाकू दिसला की अंतर वाढवा, मधात बैलगाडी, ट्रॅक्टर, खाट, जे असेल ते घ्या, आणि ओरडा. किहाप, म्हणजे जोराची आरोळी, पूमसेत उगाच नाही. ज्या पोरीला टेस्टमध्ये किहापची लाज वाटते, तिला आधी तेच शिकवा.

ओढणीचंही बघा. दोन्ही खांद्यांवर पिना लावलेल्या असतील तर मागून ओढल्यावर ती गळ्याला फास होऊन बसते. पिन एकच, तीही झटक्यात सुटेल अशी.

कायद्याचं एवढं पोरांना माहीत पाहिजे: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाबद्दल आहेत. बचावापुरतं बळ वापरायचा हक्क आहे, त्याहून जास्त नाही. पडलेल्याला पुन्हा मारलं की तो बचाव राहत नाही. सुटल्यावर 112 लावा.

सरांनी हे बसवायचं कसं? मॅट नसेल, चाळीस पोरं असतील, तरी रोजच्या क्लासची शेवटची पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्याला एकच हालचाल घ्या. दोघा-दोघांच्या जोड्या, दर चार दिवसांनी जोडीदार बदललेला. एकाच मैत्रिणीची पकड सोडवायची सवय झाली की दुसऱ्या हाताची जाडी चुकवते. पहिले 10 वेळा ढिली पकड, पुढचे 10 निम्म्या जोराने, मग 5 पूर्ण जोराने आणि ओढत ओढत. ते जमलं की डोळे मिटून उभं राहायचं आणि पकड कधीही, कुठल्याही हाताने. पूर्ण जोराच्या 5 मधल्या निदान 4 वेळा सुटता येईपर्यंत पुढच्या आठवड्यात नवीन हालचाल नको. महिन्यातून एकदा डोबोक, म्हणजे सरावाचा ड्रेस, बाजूला ठेवून शाळेच्या कपड्यांत, चपलांसह, पाठीवर दप्तर घेऊन करा.

मारायला किकपॅड नसेल तर पोत्यात जुने कपडे आणि चिंध्या गच्च भरून कडुलिंबाच्या फांदीला बांधा, 20 ते 25 किलो पुरे. रेती भरू नका. ती चार दिवसांत बुडाशी दडपून दगडासारखी होते आणि तिथे पहिलं मनगट जातं ते सगळ्यात जोशात मारणाऱ्या पोराचं.