बीपी नाही, फक्त गोळी घेतो

कमाटीबागेत पहाटे फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्तांचे दोनच वर्ग आहेत: मुलाकडे जाऊन आलेले आणि मुलाकडे जायला निघालेले. जाऊन आलेले बर्फाबद्दल बोलतात, निघालेले बॅगेच्या वजनाबद्दल. तिकडच्या दवाखान्याचा विषय निघालाच तर "मुलगा बघेल" एवढ्यावर मिटतो. मुलगा बघतो हे खरंच आहे. रात्री अकरा वाजता, डोळे चोळत, सगळ्यात लहान आकडा कुठल्या विमा कंपनीचा आहे ते तो बघतो.

आमचे पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग बडोद्यात आले तेव्हा त्यांच्याकडे कुणी विम्याचा कागद मागितला नव्हता. ब्रॅम्प्टनला जायचं तर मागतात. कॅनडाचा सुपर व्हिसा, म्हणजे तिथल्या मुलांच्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना मिळणारा, दहा वर्षांपर्यंत चालतो आणि जुलै 2022 पासून एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, पण हातात किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा वैद्यकीय विमा हवा. नुसतं कोटेशन दाखवून भागत नाही. पैसे पुरते भरलेले असावे लागतात, नाहीतर अनामत भरून हप्ते सुरू केलेले. विम्यात उपचार, इस्पितळातली भरती आणि मायदेशी परत पाठवणं, अशा तिन्ही गोष्टी लागतात. यातली तिसरी गोष्ट म्हणजे नेमकं काय, ते सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवू नये.

एवढं जमलं की फॉर्म येतो, आणि फॉर्ममध्ये तो प्रश्न: आपणांस सध्या कोणता आजार आहे?

आमच्याकडे अंथरूण धरलेल्यालाच आजारी म्हणतात. जो माणूस सकाळी शेव-उसळीवर वरून तर्री मागतो आणि संध्याकाळी सुरसागरला दोन फेऱ्या मारतो, तो कसला आजारी? "बीपी नाही हो, फक्त गोळी घेतो." शुगर गेली बारा वर्षं बॉर्डरवर तैनात आहे. स्टेंट आहे, पण ते आता जुनं झालं. कोलेस्टेरॉलची गोळी तर डॉक्टरांनी 'असू द्या' म्हणून दिलेली, तिला कोण मोजतो? कंपनी मोजते. तिच्या लेखी गोळी म्हणजे आजार, आणि तीन गोळ्या म्हणजे बहुधा तीन आजार. रोज गोळी घेऊन 120-80 असतं म्हणून 'बीपी नाही' लिहिणं म्हणजे छत्री उघडून उभं राहायचं आणि पाऊसच नाही म्हणायचं.

लपवलं तर कळणार कसं, हा पुढचा प्रश्न कट्ट्यावर हमखास येतो. आपणच सांगतो म्हणून कळतं. छातीत कळ आली की तिथली नर्स पहिल्यांदा विचारते, रोज कोणती औषधं घेता? आपण सोमवार ते रविवार खण असलेला डबा कौतुकाने पुढे करतो, मुलगा नावं वाचतो, नर्स लिहून घेते आणि ते कागद क्लेमबरोबर कंपनीकडे जातात. आपल्याविरुद्ध साक्ष आपणच दिलेली असते, तीही मुद्देमालासकट. गंमत अशी की खरं लिहिलं असतं तर बऱ्याचदा प्रीमियम थोडा वाढला असता, इतकंच.

खरं लिहिल्यावरही एक शब्द वाटेत आडवा येतो: 'स्टेबल'. कट्ट्याच्या भाषेत स्टेबल माणूस म्हणजे पेन्शन चालू, घर स्वतःचं, मुलीचं लग्न झालेलं. सुपर व्हिसाच्या विम्यात जुना आजार धरला जातो तो 'स्टेबल' असेल तरच, आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. पॉलिसी लागू होण्याआधीचे ठरावीक दिवस, योजनेप्रमाणे आणि वयाप्रमाणे 90 किंवा 180, त्या आजाराचं नवं लक्षण नको, नवं औषध नको, डोस बदललेला नको, कुठली तपासणी सांगून करायची राहिलेली नको. डोस बदललेला नको यात डोस कमी केलेलाही आला. इथे भल्याभल्यांची गाडी घसरते. डॉक्टर खूश होऊन म्हणतात, "वा काका, बीपी छान आहे, पाचची गोळी अडीचची करू." आपण पेढे वाटतो. कंपनीच्या घड्याळात मात्र त्या दिवशी काटे शून्यावर जातात आणि 180 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. तब्येत सुधारली म्हणून विमा बिघडला, हे सौभाग्यवतींना समजावून सांगायला अजून कुणाला जमलेलं नाही. तीच गोळी ब्रँडेडऐवजी जेनेरिक घेतली आणि डोस तोच राहिला तर साधारणपणे चालतं. इन्सुलिनच्या रोजच्या कमीजास्तीलाही बऱ्याच पॉलिसींत सूट असते. ती आहे का, हे आपल्या पॉलिसीत शब्दशः वाचून घ्यावं, कारण सूट गृहीत धरण्याची आपली सवय मंगळबाजारातली आहे.

दुसरी घोडचूक अगदी प्रेमाने होते. निघायच्या पंधरा दिवस आधी मुलीला वाटतं, जाताय तर एकदा सगळं चेकअप करून घ्या. चाळीस तपासण्यांचं पॅकेज, वर दोन फुकट. त्यात काहीतरी निघतंच, साठीनंतर न निघेल तर लॅबचंच चुकलं असेल. डॉक्टर लिहितात, "तीन महिन्यांनी पुन्हा करा, जमलं तर एकदा कार्डिऑलॉजिस्टना दाखवा." झालं, आता ही सांगितलेली आणि न केलेली तपासणी. चेकअप जरूर करावा, पण निघायच्या सात-आठ महिने आधी. औषधांत काय बदल करायचे ते तेव्हाच उरकावेत आणि मग हिमालयातल्या योग्यासारखं निश्चल बसावं. दात मात्र जायच्या आधी इथेच करून घ्यावेत. अपघाताने दुखावलेला दात सोडला तर दातांचा खर्च असल्या विम्यात जवळजवळ नसतोच, आणि तिकडचा रूट कॅनॉलचा आकडा ऐकून उरलेले दातही हलायला लागतात.

औषधं बरोबर न्यायची ती 90 दिवसांची, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट. कॅनडात तेवढ्यालाच परवानगी आहे आणि अमेरिकेतही साधारण तोच हिशेब. लीला चेवडा किती न्यायचा याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

अमेरिकेला फिरायला जाणाऱ्यांसाठी विमा दोन जातींचा असतो. एक स्वस्त, 'फिक्स्ड' जातीचा. त्यात प्रत्येक गोष्टीचा दर आधीच छापलेला असतो: इस्पितळाच्या एका दिवसाला इतके डॉलर, सर्जनला इतके. इस्पितळाने ते दरपत्रक वाचलेलं नसतं, त्यामुळे वरचे सगळे आपले. दुसरा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', महाग पण माणसासारखा वागणारा. समजा डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून जायची रक्कम, 250 डॉलर, पुढच्या 5,000 पैकी 80 टक्के कंपनीचे आणि त्यानंतर कमाल रकमेपर्यंत सगळे कंपनीचे. बिल 40,000 डॉलर झालं तर आपले 250 अधिक 1,000, म्हणजे 1,250. पण कमाल रक्कम 50,000 घेतली असेल आणि बिल 1,20,000 झालं तर वरचे सत्तर हजारही आपलेच. प्रीमियम कमी करायचाच असेल तर डिडक्टिबल थोडं वाढवावं, कमाल रक्कम तोडू नये. खोकल्याचे पैसे खिशातून गेले तर माणूस दोन दिवस कुरकुरतो. बायपासचे गेले तर मुलाचं घर जातं. सत्तरी आणि ऐंशी ओलांडलेल्यांना अनेक कंपन्या कमाल रक्कमच कमी देतात, म्हणून वयाचा तक्ता आधी बघावा.

जुन्या आजारासाठी यातल्या पुष्कळ पॉलिसींत 'अक्यूट ऑनसेट' नावाचं कलम असतं. आजार जुना असला तरी झटका अचानक, पूर्वसूचनेशिवाय यायला हवा आणि बहुतेक ठिकाणी 24 तासांच्या आत उपचार घ्यायला हवेत. आता आमच्या पिढीच्या माणसाला 'अचानक' काही होत नाही. तो डॉक्टरला सांगतो, "चार दिवसांपासून जरा जडच वाटत होतं, म्हटलं गॅस असेल, ओवा खाल्ला." हे वाक्य इंग्रजीत लिहिलं गेलं की क्लेम ओव्यावर अडकतो. खोटं बोला असं मी सांगत नाही; पहिल्याच दिवशी मुलाला उठवा एवढंच सांगतो. इमर्जन्सीत तिथलं इस्पितळ विमा नाही म्हणून दारातून परत पाठवू शकत नाही, 1986 पासून तसा कायदाच आहे. आधी तपासून स्थिर करावं लागतं. बिल पाठवायला त्या कायद्याने कुणाला मनाई केलेली नाही.

ग्रीन कार्ड मिळालं की सगळं सुटलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खाली बसून वाचावं. पासष्टी पूर्ण आणि पाच वर्षं सलग वास्तव्य, त्यानंतर मेडिकेअर, म्हणजे तिथल्या सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा, विकत घेता येतं. तोवर बाजारातला विमा. मुलाने वीस वर्षं तिथे कर भरला असला तरी त्याची कमाई आपल्या खात्यात धरत नाहीत. स्वतःची किंवा जोडीदाराची दहा वर्षांची कमाई नसेल तर इस्पितळाच्या भाग 'ए'साठी 2025 साली महिना 518 डॉलरपर्यंत आणि डॉक्टरांच्या भाग 'बी'साठी 185 डॉलर पडत होते. भाग 'बी' वेळेवर घेतला नाही तर उशिराच्या दर बारा महिन्यांमागे दहा टक्के दंड, तोही भाग 'बी' असेपर्यंत. एवढं करून भरती न होता घेतलेल्या उपचारांतले वीस टक्के आपल्याकडे, त्याला वरची हद्द नाही. हद्द हवी तर वर 'मेडिगॅप' नावाचा खाजगी पूरक विमा घ्यायचा. भाग 'बी' सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत कंपनी आजार बघून नाही म्हणू शकत नाही, नंतर म्हणू शकते. आणि हिवाळ्यात बडोद्याला आलात तर मेडिकेअर इथे चालत नाही. काही मेडिगॅप योजना परदेशातल्या इमर्जन्सीचे 80 टक्के देतात, प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांत, 250 डॉलर वजा करून, आणि उभ्या आयुष्यात मिळून 50,000 डॉलरपर्यंत.

म्हणूनच इथली पॉलिसी बंद करून जाऊ नये. "आता तिकडेच राहणार, इकडचा हप्ता कशाला?" हे वाक्य मी जितक्यांच्या तोंडून ऐकलंय, त्यातले बरेच गुडघा बदलायला बडोद्यालाच परत आलेत. अडुसष्टाव्या वर्षी नवी पॉलिसी मिळेल, पण जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पूर्वी ही मर्यादा चार वर्षं होती, एप्रिल 2024 पासून तीन झाली. घरी ठेवलेल्या पॉलिसीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीही नाही, तेव्हा ती तक्रार संपली. सत्तरीनंतर सरकारी आयुष्मान वय वंदना कार्डाचे उपचारासाठी पाच लाखही आहेत, ब्रॅम्प्टनमध्ये अर्थातच नाहीत.

टॉप-अपबद्दल, म्हणजे मूळ पॉलिसीच्या वर घ्यायच्या जोडविम्याबद्दल, मात्र सावध. टॉप-अप म्हणजे गच्चीवरची खोली. खालचा मजला आपणच बांधायचा असतो. पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि वर पाच लाख डिडक्टिबलचा वीस लाखांचा साधा टॉप-अप घेतलात, आणि एकाच वर्षात चार-चार लाखांची दोन आजारपणं झाली. मूळ पॉलिसीने पाच दिले. टॉप-अप म्हणतो, दोन्ही बिलं वेगवेगळी पाहिली तर एकही पाच लाखांच्या वर नाही. तीन लाख आपले. त्याच जागी सुपर टॉप-अप असता तर त्याने वर्षाची बेरीज आठ लाख धरून वरचे तीन दिले असते. प्रीमियममध्ये फरक असतो तो दरमहा शेव-उसळीच्या खर्चाएवढा, आणि एजंट साधा टॉप-अप दाखवतो कारण आपण 'स्वस्तातला दाखवा' म्हणालेलो असतो.

खालच्या मजल्याला तडा जातो तो खोलीच्या भाड्याने. समजा मूळ पॉलिसीत भाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच लाखांवर रोज पाच हजार. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणतो, "बाबा, पैशांचं बघू नका, डीलक्स घ्या." डीलक्स दहा हजार. आपल्याला वाटतं, रोजचे वरचे पाच हजार भरू. कंपनी भाडं तर कापतेच, शिवाय सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्यांचे पैसे त्याच प्रमाणात निम्मे करते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यातून सुटतात, नशीब. असे कापलेले पैसे बऱ्याच टॉप-अपच्या डिडक्टिबलमध्येही मोजले जात नाहीत, म्हणजे गच्चीवर जायचा जिनाही अर्ध्यावर तुटतो. सोफा आणि फ्रिज बघून खोली घेण्याआधी पॉलिसीत 'रूम रेंट' शोधावं.

आता राहिलं नूतनीकरण. तिकडे स्थायिक झालात की बडोद्याचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावं लागतं. ते करताना प्रीमियमची ऑटो-डेबिट सूचना नव्या खात्यावर पुन्हा लावली नाही तर हप्ता गुपचूप परततो. हाताने भरायचा तर ओटीपी येतो तो इथल्या नंबरवर, आणि रोमिंग नको म्हणून तो फोन रावपुऱ्यात वहिनींच्या कपाटात ठेवलेला. सिम 90 दिवस वापरलंच नाही तर बंद होऊ शकतं, म्हणून वहिनी महिन्यातून एकदा त्यावरून घरच्याच फोनला कॉल लावून दोन शब्द बोलतात. मुदत संपल्यावर सवलतीचे 30 दिवस मिळतात, पण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या दिवसांतलं आजारपण धरत नाहीत.

नूतनीकरणाची तारीख नेमकी नवरात्रात येते. ब्रॅम्प्टनमध्ये दुपारचे दोन, जेवण झालेलं, चष्मा सापडलेला, कार्डाचा नंबर घालून झालेला. स्क्रीनवर ओटीपीची दहा मिनिटं उलटी धावतायत. बडोद्यात रात्रीचे साडेअकरा, कपाटात फोन वाजतोय, आणि वहिनी गरब्याच्या तिसऱ्या रिंगणात आहेत.