‘दुर्बिणीचं तर आहे, काय त्यात!’

आज सकाळची ठाणे-वाशी लोकल. लेडीज डब्यात समोर सत्तावीस-अठ्ठावीसची एक मुलगी, मांडीवर डब्याची पिशवी, कानाला फोन. "तूच बघ ना, पुरुषाची नसबंदी सोपी असते म्हणाल्या डॉक्टर." मग बराच वेळ नुसतं हं, हं. शेवटी म्हणाली, "बरं, करते मीच. दुर्बिणीचं तर आहे, काय त्यात!" आणि रबाळ्याला उतरून गेली.

दिवसभर कामात लक्ष नाही माझं.

काय त्यात? माझ्या ताईचं मूल बंद करायचं हेच दुर्बिणीचं ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी झालं. सकाळी उपाशीपोटी नेलं, संध्याकाळी रिक्षाने कळव्याला घरी. बेंबीखाली नखाएवढी पट्टी. सगळे खूश, "बघ, कळलंसुद्धा नाही!" रात्री दोन वाजता तिचा उजवा खांदा असा ठणकायला लागला की तिला वाटलं हार्टचंच काहीतरी. शेजारी चार वर्षांचा पोरगा झोपलेला. तो उठू नये म्हणून उशीचं टोक दातात धरून पडली होती ती. मी बाम चोळत बसले, पहाटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर कळलं, आतलं नीट दिसावं म्हणून पोटात गॅस भरतात, थोडा मागे राहतो आणि त्याची कळ खांद्यात येते. दोन दिवसांत जाते. गेलीही. पण एवढं एक वाक्य आधी सांगायला काय पैसे पडत होते?

ऑपरेशन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पोट फाडावं लागत नाही, गर्भनळ्यांवर रिंग बसली की रोजच्या गोळीचा घोर संपतो, चांगल्या हातांनी स्वच्छ जागी केलं तर धोका अगदी कमी. मान्य. ताईलाही पस्तावा नाही. पण क्वचित फेल जातं, आणि तेव्हा गर्भ नळीतच राहिला तर जिवावर बेततं. म्हणून पाळी चुकली की ‘माझं तर झालंय’ म्हणून घरी बसायचं नाही, लगेच दाखवायचं. हे तरी ताईला कुणी सांगितलं होतं?

छेद लहान, म्हणून बाईचं दुखणंही लहान! तिसऱ्या दिवशी ताई पाण्याची बादली उचलत होती. आणि ‘लहान’ म्हणून उरकायला गेलं की काय होतं ते २०१४च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडात दिसलं. बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्या दिवसांतल्या तिथल्या शिबिरांत मिळून १३ जणी गेल्या. लेकुरवाळ्या बायका हो! २०१६ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा.

आणि पुरुष? २०१९-२१च्या सरकारी पाहणीत देशात पन्नाशीच्या आतल्या शंभर विवाहित बायकांतल्या जवळपास ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं, नवऱ्याची नसबंदी झालेल्या हजारात तीन. त्यांचं तर पोटही उघडत नाहीत, तेवढ्याच जागेला भूल, टाकासुद्धा नाही. नंतर तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं, बरं, वापरा की! आणीबाणीत धरून धरून नसबंद्या केल्या, ती दहशत खरी होती, तेही मान्य. पण किती वर्षं पुरवायची ती?

आमचे भाऊजी माणूस म्हणून सोन्यासारखे. त्या रात्री तीनदा चहा केला त्यांनी, दारात उभे राहून ताईकडे बघत होते. "मला कंपनीत जड काम, अशक्तपणा येईल," असं आधी म्हणाले होते. (येत नाही, कुणीही डॉक्टर सांगेल.) गेल्या गणपतीत मोदक वळताना मी विचारलंच. खाली बघत म्हणाले, "तुला खरं सांगू? घाबरलो होतो गं."

ताईही घाबरली होती, भाऊजी. तिला कुणी विचारलंच नाही.

त्या मुलीला निदान खांद्याचं तरी सांगायला हवं होतं. उद्या तीच गाडी, तोच डबा पकडणार आहे मी.