'अपडेट कायमचं बंद करा, नवीन लॅपटॉप घ्या' : त्या मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर तोच: 'विंडोज १० बंद झालं आहे. जुन्या लॅपटॉपवर आता विंडोज ११ आपोआप बसणार, ते थांबवता येत नाही. बसलं की लॅपटॉप इतका मंद होईल की कामाचा राहणार नाही. वाचायचं असेल तर अपडेट सर्व्हिस कायमची बंद करा, चांगला अँटिव्हायरस टाका आणि जमेल तितक्या लवकर नवीन लॅपटॉप घ्या.'

पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण माझ्या मावशीने हे वाचून खरोखर अपडेट सर्व्हिस (अपडेट्स आणून बसवणारा विंडोजचा भाग) बंद केली आणि कित्येक महिने तशीच राहू दिली. बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर सुरू होते. हे कळलं तेव्हा मला गप्प बसवेना, म्हणून हे सविस्तर उत्तर.

'विंडोज १० बंद झालं.' १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तो सपोर्ट. लॅपटॉप त्यानंतरही सुरू होतो, फायली उघडतात, प्रिंट निघते. थांबली ती दर महिन्याला मोफत येणारी सुरक्षा अपडेट्स. धोका त्यातूनच येतो आणि तो हळूहळू वाढतो. १० आणि ११ यांचा बराचसा गाभा एकच आहे. ११ मधली एखादी चूक दुरुस्त झाली की तो पॅच (म्हणजे ती दुरुस्ती) उलगडून पाहणाऱ्याला १० मध्ये कुठे घुसायचं ते समजतं. म्हणजे मेसेजमधली भीती अगदीच निराधार नाही. पण त्यावरचा अधिकृत उपाय मेसेजमध्ये कुठेच नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना ठेवली आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. लॅपटॉपवर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर पैसे पडत नाहीत, आणि एका खात्यावर १० लॅपटॉपपर्यंत नोंदवता येतात. नवीन सोयी यातून मिळत नाहीत, फक्त महत्त्वाचे सुरक्षा पॅच मिळतात. जुन्या लॅपटॉपला हवं असतं तेही नेमकं तेवढंच.

'विंडोज ११ आपोआप बसणार.' इथे 'जुना लॅपटॉप' या एका शब्दात दोन वेगळी यंत्रं कोंबली आहेत. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेचा, नाहीतर त्यानंतरचा असावा लागतो. २०१५-१६ च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हे जुळत नाही, त्यामुळे त्यांना ११ देऊच केलं जात नाही. जबरदस्तीचा प्रश्नच येत नाही. सांभाळायचं असतं ते २०१८-१९ च्या लॅपटॉपवाल्यांनी. त्यांचा प्रोसेसर नियमात बसतो, पण रॅम ४ जीबी आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क. त्यांना पूर्ण पडदाभर आमंत्रण येतं. तिथे 'सध्या विंडोज १० वरच राहा' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो ठळक नसतो, शोधावा लागतो. घाईत मोठं निळं बटण दाबलं की काम सुरू होतं, आणि मग लोक म्हणतात 'आपोआप बसलं'.

तरी लोकांच्या मनातला संशय मला समजतो, कारण त्याला इतिहास आहे. २०१६ च्या मे महिन्यात विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना १० कडे नेणाऱ्या खिडकीतली फुली दाबली, तरी ठरलेल्या वेळी अपग्रेड होत असे. खिडकी बंद करणं म्हणजे होकार, असं धरलं जात होतं. टीका इतकी झाली की जूनअखेरीस कंपनीने ते बदललं आणि स्पष्ट नकाराचं बटण दिलं. न मागता झालेल्या अपग्रेडने कामाचा संगणक बिघडला म्हणून कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक महिलेने दावा लावला आणि कंपनीने अपील मागे घेऊन तिला १०,००० डॉलर दिले. पुढे २ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फायली पुसल्या. ते काही दिवसांत थांबवावं लागलं आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा आलं. त्यामुळे 'आधी बॅकअप, मग अपग्रेड' म्हणणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये.

'थांबवता येत नाही.' येतं. विंडोज १० प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये (सिस्टिमचे नियम ठरवायच्या साधनात) विंडोज अपडेटखाली टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन निवडण्याची पॉलिसी आहे. ती चालू करून एका चौकटीत विंडोज १० आणि दुसऱ्या चौकटीत २२एच२ लिहायचं. मोठं अपग्रेड तिथे अडतं, सुरक्षा पॅच मात्र येत राहतात. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. तिथे याच नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) हाताने कराव्या लागतात, आणि ते काम माहीतगाराकडूनच करून घ्यावं. चुकून ११ बसलंच, तर पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं. त्या काळात जागा हवी म्हणून डिस्क क्लीनअप चालवून आधीच्या विंडोजच्या फायली पुसू नका. त्या गेल्या की परतीची वाट गेली.

एक खरी सक्ती आहे, तिचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. ११ वर गेल्यावर होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच सपोर्ट असतो, आणि मुदत जवळ आली की पुढची आवृत्ती आपोआप बसवली जाते. विंडोज १० मध्ये २२एच२ नंतर काही नाही. मोठ्या अपग्रेडचा ज्याला कंटाळा आहे, त्याला नोंदणी केलेल्या विंडोज १० वर उलट शांतता मिळते.

'अपडेट सर्व्हिस कायमची बंद करा.' सगळ्यात घातक वाक्य हेच. मोठं अपग्रेड आणि सुरक्षा अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने अख्खी सिस्टिम बदलते, दुसऱ्याने दाराची मोडलेली कडी दुरुस्त होते. पहिलं नको म्हणून दुसरंही बंद करणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा पॅच दिला. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भगदाडातून शिरला आणि दीडशे देशांत संगणक कुलूपबंद झाले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. अडकलेल्या संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होतं, ज्याला तेव्हा सपोर्ट चालू होता. पॅच दोन महिने दारात उभा होता, तो आत घेतलेला नव्हता. शिवाय ही सर्व्हिस बंद केली की वाढीव योजनेचे पॅचही अडतात. विंडोज स्वतःच ती सर्व्हिस पुन्हा चालू करायला बघतं, म्हणून लोक आणखी खोलात जाऊन मोडतोड करतात आणि मग दुरुस्त करायला बसलं की नेमकं काय बदललं ते आठवत नाही. अपडेट नको त्या वेळी येतं, एवढीच तक्रार असेल तर ३५ दिवसांपर्यंत पॉज करायची सोय होमलाही आहे.

'चांगला अँटिव्हायरस टाका.' अँटिव्हायरस सिस्टिममधलं भोक बुजवत नाही. आणि डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस विंडोज १० मध्ये आहेच. त्याची व्हायरस ओळखण्याची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहू, असं कंपनीने सांगितलं आहे.

'लॅपटॉप मंद होईल.' हार्ड डिस्क फिरती असेल तर नक्की होईल. पण तो विंडोज १० वरही मंदच असतो, आपल्याला फक्त सवय झालेली असते. माझ्या सहाव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये मी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि रॅम ८ जीबी केली. सुरू व्हायला मिनिटं लागायची, आता काही सेकंद लागतात. नवीन यंत्राचा विचार करण्याआधी मागचं झाकण उघडून हे दोन भाग बदलता येतात का ते पाहा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की असते, पण डिस्क तरी सहसा बदलता येते. आणखी एक: '११ चालणार नाही' असा निकाल आला तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम बंद नाही ना, हे तपासा. अनेक लॅपटॉपमध्ये ते असतं, फक्त चालू केलेलं नसतं. मात्र नियमात न बसणाऱ्या यंत्रावर जुगाड करून ११ टाकू नका. पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ती खूप जुन्या प्रोसेसरवर तर सुरूच होत नाही.

'नवीन लॅपटॉप घ्या.' ज्याला गरज आहे त्याने जरूर घ्यावा. पण ज्याचं काम ब्राउझर, ईमेल, पत्रं आणि हिशेब एवढंच आहे, त्याच्यासाठी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम आहे. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत, ४ जीबी रॅमवर ते बरं चालतं, आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करून डिस्कला हात न लावता पाहता येतं. अडचणीही सांगायला हव्यात: डेस्कटॉपचं एमएस ऑफिस चालत नाही, डिजिटल सहीचे टोकन त्रास देऊ शकतात, एखादा जुना प्रिंटर हट्ट धरतो. म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून सुरू करून आपल्या रोजच्या चार गोष्टी करून बघायच्या.

मावशीच्या लॅपटॉपवर सर्व्हिस पुन्हा चालू केली, तुंबलेले पॅच बसायला अख्खी संध्याकाळ गेली, मग नोंदणी केली. १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत तो मिंटवर न्यायचा असं आमचं ठरलं आहे. तिचा स्कॅनर पेन ड्राइव्हवरच्या मिंटमध्ये चालतो, हे आम्ही दोघांनी बसून पाहिलं आहे.