कॅल्शियमच्या गोळीने हृदयाचा ठोका बळकट होतो का?

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत ‘हृदय कॅल्शियमवर चालते, म्हणून रोज एक गोळी घ्या आणि ठोका बळकट करा’ असा संदेश फिरत आहे. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही.

ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवले, की नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहते आणि ऊर्ध्वपातित (वाफ करून शुद्ध केलेल्या, डिस्टिल्ड) पाण्यातल्या द्रावणात मंदावून थांबते. फरक होता तो कॅल्शियमचा. मात्र आपल्या हृदयपेशीत प्रत्येक ठोक्याला लागणारे बहुतेक कॅल्शियम पेशीतल्याच साठ्यातून येते. बाहेरून शिरणारा थोडासा अंश त्या साठ्याचे दार तेवढे उघडतो, पेशीद्रवातले प्रमाण क्षणभर सुमारे १० पटींनी वाढते, आणि पेशीतले पंप (कॅल्शियम वाहून नेणारी प्रथिने) ते लगेच बहुतांशी परत साठ्यात ओढतात, म्हणूनच स्नायू सैल पडतो. स्टेशनचा जिना चढताना छातीत ठोका जोरात जाणवतो तोही ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाच्या संकेताने हीच देवघेव वाढल्यामुळे. न्याहारीतल्या गोळीचा त्यात काही हात नसतो.

रक्तातले कॅल्शियम शरीर स्वतःच डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असे राखते. गरज नसताना घेतलेल्या गोळ्यांनी मुतखड्याचा धोका मात्र वाढू शकतो. हाडांसाठी किंवा रक्तात खरोखरच कमतरता असल्यामुळे डॉक्टरांनी दिलेली गोळी हा खुलासा वाचून कोणी बंद करू नये.